डासअळ्यांवर सुगंधी तेलांचा उतारा : प्रयोगशाळेतून पाण्याच्या टाकीपर्यंतची वाट

पावसाळा तोंडावर आला की देशभरातील महापालिकांच्या कीटकनाशक विभागांचे कर्मचारी गल्लोगल्ली दिसू लागतात. गच्चीवरील टाक्यांची झाकणे उघडली जातात, पिंपांमध्ये बॅटरीचा प्रकाश टाकला जातो, अंगणातले जुने टायर आणि नारळाच्या करवंट्या उलट्या केल्या जातात. पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या की टेमिफॉस या रासायनिक अळीनाशकाची मात्रा पडते. ‘अ‍ॅबेट’ या व्यापारी नावामुळे महाराष्ट्रातील आरोग्य कर्मचारी या कामालाच ‘अ‍ॅबेटिंग’ म्हणतात. कित्येक दशके हाच शिरस्ता चालत आला आहे.

या शिरस्त्याला पर्याय म्हणून वनस्पतिजन्य सुगंधी तेलांचे नाव गेली दोन-अडीच दशके सातत्याने घेतले जात आहे. गवती चहा, लवंग, दालचिनी, ओवा, तुळस, निलगिरी, संत्र्याची साल, झेंडू, इतकेच काय पण रानोमाळ माजणारी घाणेरी, यांपैकी कोणत्या ना कोणत्या वनस्पतीच्या तेलाने डासांच्या अळ्या मरतात, असे सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध झाला नाही असा महिना क्वचितच जात असेल. भारतीय विद्यापीठे या संशोधनात जगात अग्रभागी आहेत. तरीही नगरपालिकेच्या भांडारात अशा तेलाची बाटली आढळत नाही. इतके संशोधन होऊनही ते टाकीपर्यंत का पोहोचले नाही, हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिलेला नाही.

कारण रोगाची आकडेवारी स्वस्थ बसू देणारी नाही. केंद्र सरकारच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये देशात डेंग्यूचे २ लाख ८९ हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि ४८५ जणांचा मृत्यू झाला. २०२४ मध्ये रुग्णसंख्या २ लाख ३३ हजारांच्या घरात राहिली. डेंग्यूच्या विषाणूवर थेट मारा करणारे औषध अद्याप प्रचलित नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने स्वदेशी लशीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतक येथून सुरू झाली, परंतु दहा हजारांवर स्वयंसेवकांच्या या चाचणीचा निष्कर्ष हाती येऊन लस सर्वांपर्यंत पोहोचायला वेळ लागेल. तोपर्यंत डास जन्मूच न देणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

प्रौढ डासाच्या मागे लागणे खर्चिक आणि बव्हंशी निष्फळ ठरते. संध्याकाळी गल्लीतून धूर सोडत जाणारी गाडी नागरिकांचे समाधान करते, पण डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो आणि घरातील पडद्यामागे, कपाटाखाली विसावतो. धूर तिथवर पोहोचत नाही. अळीचे मात्र तसे नसते. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोषात जाईपर्यंत ती त्याच भांड्यातल्या पाण्यात कोंडलेली असते. उष्ण हवामानात हा सारा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. शत्रू कुठे आहे हे ठाऊक आहे, तो पळू शकत नाही आणि त्याच्या हालचालीचे वेळापत्रकही ठाऊक आहे, अशी संधी युद्धशास्त्रात सहसा मिळत नाही.

ही संधी ओळखणारे पहिले लोक आजचे नव्हेत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनोफिलिस डासाच्या पोटात हिवतापाच्या परोपजीवीच्या अवस्था दिसल्या आणि तेव्हापासून डासांच्या पैदाशीवर घाला घालण्याचे प्रयत्न सुरू झाले. साचलेल्या पाण्यावर रॉकेलचा तवंग सोडणे, तांबे व आर्सेनिक असलेली ‘पॅरिस ग्रीन’ नावाची हिरवी भुकटी फवारणे हे त्या काळचे उपाय. मुंबईत डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये सादर केलेल्या अहवालात शहरातील हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत असल्याचे दाखवून दिले होते. अ‍ॅनोफिलिस स्टिफेन्सी हा डास या विहिरींच्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. विहिरी बुजवण्याच्या किंवा झाकण्याच्या मोहिमेला तेव्हा मोठा विरोध झाला, कारण त्यांतील काही विहिरी धार्मिकदृष्ट्या पूज्य होत्या. पिण्याच्या पाण्यात बाहेरच्या कुणी हात घालणे लोकांना रुचत नाही, हा धडा त्या वेळीच मिळाला होता. सुगंधी तेलांच्या प्रश्नातही तो पुढे येतोच.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि अळ्यांचा विषय मागे पडला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख माणसे दगावत, असा अंदाज आहे. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ साली निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी करून १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आणण्यात यश आले. हा विजय अल्पजीवी ठरला. डास डीडीटीला सरावले, यंत्रणा सैलावली आणि १९७६ मध्ये रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. एकाच रसायनावर विसंबण्याची किंमत किती मोठी असते, हे या दोन आकड्यांइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

शहरांसाठी १९७१ मध्ये स्वतंत्र योजना आखली गेली ती अळीनियंत्रणावर भर देणारी. तिच्यात टेमिफॉस आले. हे ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील रसायन अत्यल्प मात्रेत काम करते आणि पिण्याच्या पाण्यात एक लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने मुभा दिली आहे. स्वस्त, हाताळण्यास सोपे आणि परिणामकारक असल्याने जगभर त्याचा वापर झाला. तोच त्याच्या मुळावर आला. ब्राझीलसह लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत एडिस डासांच्या अळ्या टेमिफॉसला दाद देईनाशा झाल्या. भारतातही काही भागांतील एडिस आणि स्टिफेन्सी डासांमध्ये संवेदनक्षमता घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. डीडीटीच्या इतिहासाची ही पुनरावृत्ती ठरू नये, ही चिंता रास्त आहे.

वनस्पतींच्या तेलांकडे लक्ष वळले ते या पार्श्वभूमीवर. येथे एक घोटाळा आधीच दूर करणे आवश्यक आहे. कडुनिंबाचे, करंजाचे किंवा एरंडाचे तेल बियांतून गाळून निघते. ते जड असते, कागदावर त्याचा डाग राहतो. ज्यांना बाष्पनशील किंवा सुगंधी तेल म्हणतात ती पाने, फुले, साली, मुळे यांच्यातून वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातन करून काढली जातात आणि उघडी ठेवली तर उडून जातात. कनौजच्या अत्तरांचा व्यवसाय याच तत्त्वावर उभा आहे. खानदेशातील रोशा गवताचे तेल एकेकाळी मुंबई बंदरातून परदेशी जात असे, तेही याच प्रकारचे. कडुनिंबाचा गुण आणि लवंगेचा गुण रसायनशास्त्राच्या दृष्टीने निराळा आहे, मात्र बातम्यांत आणि जाहिरातींत दोन्ही ‘हर्बल’ या एकाच टोपलीत टाकले जातात.

सुगंधी तेल हे एक रसायन नसून अनेक रसायनांचे मिश्रण असते. गवती चहात सिट्राल, लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, दालचिनीच्या सालीत सिनॅमाल्डिहाइड, निलगिरीत सिनिऑल, संत्र्याच्या सालीत लिमोनीन हे प्रमुख घटक. वनस्पतीने ती आपल्या सुगंधासाठी नव्हे, तर पाने कुरतडणाऱ्या किडींपासून बचाव करण्यासाठी तयार केलेली असतात. त्यामुळे कीटकांवर त्यांचा परिणाम व्हावा यात नवल नाही. हे लहान, स्निग्धप्रिय रेणू अळीच्या त्वचेतून सहज आत शिरतात. त्यांपैकी काही चेतातंतूंमधील संदेशवहनात अडथळा आणतात, काही ऑक्टोपामिन नावाच्या रसायनाच्या कामात ढवळाढवळ करतात. कीटकांच्या चेतासंस्थेत ऑक्टोपामिनचे जे महत्त्वाचे स्थान आहे ते माणसासारख्या पृष्ठवंशी प्राण्यांत नाही. अशी तेले माणसाला तुलनेने कमी घातक असण्याचे ते एक कारण मानले जाते. शिवाय एकाच वेळी अनेक घटक अनेक ठिकाणी आघात करत असल्याने डासांना प्रतिकारशक्ती कमावणे अवघड जाईल, असा तर्क मांडला जातो. तर्क पटण्यासारखा आहे. तथापि शहरभर वर्षानुवर्षे वापर झाल्याशिवाय तो सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही, आणि असा वापर अजून कुठे झालेला नाही.

प्रयोगशाळेतील चाचणीची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी आखून दिली आहे. तिसऱ्या अवस्थेच्या अखेरच्या किंवा चौथ्या अवस्थेच्या आरंभीच्या पंचवीस अळ्या एका पेल्यातील पाण्यात सोडायच्या, त्यात तेलाच्या वेगवेगळ्या मात्रा मिसळायच्या आणि चोवीस तासांनी मेलेल्या मोजायच्या. ज्या मात्रेत निम्म्या अळ्या मरतात तिला ‘एलसी-५०’ म्हणतात. हा आकडा जितका लहान तितके तेल जहाल. चेक संशोधक रोमान पावेला यांनी २०१५ मध्ये अशा निबंधांचा आढावा घेतला तेव्हा दशलक्षात शंभर भागांहून कमी मात्रेत निम्म्या अळ्या मारणाऱ्या १२२ वनस्पती त्यांना आढळल्या. दशलक्षात दहा भागांच्या खाली उतरणाऱ्या मात्र अवघ्या सात निघाल्या.

पेल्यात हे आकडे आशादायक दिसतात. टाकीत त्यांचे रूप पालटते. इमारतीच्या गच्चीवर एक हजार लिटरची टाकी आहे असे समजू. टेमिफॉसची पूर्ण मान्य मात्रा द्यायची तर त्यात एक ग्रॅम सक्रिय रसायन पुरते. दशलक्षात पन्नास भाग अशी ‘एलसी-५०’ असलेले, म्हणजे चांगल्यापैकी गणले जाणारे सुगंधी तेल वापरायचे तर निम्म्या अळ्या मारण्यासाठीच पन्नास ग्रॅम लागेल. निम्म्या अळ्या जिवंत ठेवणारी मोहीम कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला परवडणारी नसते. जवळपास सर्व अळ्या मारायच्या तर मात्रा दुप्पट किंवा त्याहून अधिक धरावी लागते. एका टाकीला शंभर ग्रॅम धरले तर एक लाख टाक्यांच्या शहराला एका फेरीसाठी दहा टन तेल हवे. तेल उडून जाते, म्हणून फेरी दर आठवड्याला करावी लागेल. पावसाळ्याचे सोळा आठवडे म्हणजे १६० टन. किलोला हजार रुपये असा भाव गृहीत धरला तर केवळ तेलाचा खर्च १६ कोटी रुपये होतो. हेक्टरी वर्षाला शंभर किलो तेल हा ढोबळ हिशेब लावला तर या एका शहरासाठी सोळाशे हेक्टरवर गवती चहा लावावा लागेल. टेमिफॉसचा एका फेरीचा हिशेब त्याच शहरात शंभर किलोंवर संपतो.

शोधनिबंधांच्या अखेरीस ‘हे तेल स्वस्त व पर्यावरणस्नेही पर्याय ठरू शकते’ असे वाक्य हमखास असते. त्यातील ‘स्वस्त’ हा शब्द बहुधा कुणी हिशेब करून लिहिलेला नसतो.

किमतीखेरीज तीन अडचणी आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली, तेल पाण्यात विरघळत नाही. प्रयोगशाळेत ते अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल यांसारख्या द्रावकात मिसळून वापरतात. टाकीत तसे करता येत नाही, आणि नुसते ओतले तर ते वर तरंगते किंवा भांड्याच्या कडेला चिकटते. दुसरी, ऊन आणि वारा लागताच त्याचा अंश झपाट्याने घटतो. सोमवारी टाकलेल्या तेलाने त्या दिवसापुरत्या अळ्या मरतील, परंतु एडिसची अंडी भांड्याच्या कोरड्या कडेवर महिनोन्‌महिने तग धरतात आणि गुरुवारी पाऊस पडून पाणी वर चढले की नव्या अळ्या बाहेर येतात. तिसरी अडचण सर्वांत कमी चर्चिली जाणारी आहे. एकाच नावाच्या वनस्पतीचे तेल सर्वत्र सारखे नसते. एका प्रदेशातील तुळशीत युजेनॉल भरपूर सापडेल, दुसऱ्या प्रदेशातील तुळशीत मिथाइल युजेनॉल किंवा लिनालूल वरचढ असेल. कापणीचा हंगाम, माती, वाळवण्याची रीत यांनीही फरक पडतो. नगरपालिकेला मात्र प्रत्येक डब्यात तोच माल, तोच गुण हवा असतो.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ हा समजही तपासून घ्यावा लागेल. लवंगेच्या तेलाचे उदाहरण बोलके आहे. मत्स्यशास्त्रज्ञ माशांना हाताळण्यापूर्वी गुंगी आणण्यासाठी हेच तेल वापरतात आणि त्यासाठी लागणारी मात्रा दशलक्षात काही दशके भाग एवढीच असते. अळ्या मारणारी मात्राही साधारण त्याच घरातली. डासांवर नियंत्रण ठेवण्यासाठी महाराष्ट्रात जागोजागी गप्पी मासे सोडले जातात. गोव्यात १९९० च्या दशकात अळीभक्षक मासे आणि जिवाणूजन्य अळीनाशके यांच्या जोडीने पणजी व परिसरातील हिवतापावर नियंत्रण मिळवण्याचे यशस्वी प्रयोग झाले. ज्या पाण्यात असे मासे आहेत तेथे लवंग तेल ओतणे म्हणजे राखणदारालाच झोपवण्यासारखे होईल. तामिळनाडूतील अण्णामलै विद्यापीठाच्या अभ्यासकांनी अळीभक्षक मासे व पाणकिडे यांच्यावर अनेक तेलांची चाचणी घेतली असून, अळीला मारक मात्रा आणि या मित्रजीवांना मारक मात्रा यांत बरेच अंतर असल्याचे काही तेलांबाबत दाखवून दिले आहे. ही तपासणी प्रत्येक तेलाची स्वतंत्रपणे व्हायला हवी. ती अजून अपवादानेच होते.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आणखी नाजूक. टेमिफॉसला वास येतो म्हणून कर्मचाऱ्याची पाठ फिरताच पिंप रिकामे करणारी कुटुंबे कमी नाहीत. गवती चहाचा किंवा ओव्याचा वास कितीही सुखद असला तरी तो आठवडाभर वरणात, चहात आणि तान्ह्या बाळाच्या दुधाच्या बाटलीत उतरत राहिला तर त्याचे स्वागत होईल, असे मानण्यास आधार नाही. बेंटलींच्या काळातील विहिरींचा वाद येथे आठवतो.

या अडचणींवर तोडगे निघत नाहीत असे नाही. अलीकडच्या संशोधनाचा खरा ऐवज नव्या वनस्पतींच्या यादीपेक्षा जुन्याच तेलांना नवे रूप देण्यात आहे. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते पाण्यात स्थिर ठेवणारी नॅनो-पायसे वेल्लोर येथील संशोधकांनी निलगिरी व कडुनिंबाच्या तेलांपासून तयार केली आणि क्युलेक्स डासांच्या अळ्यांवर तपासली. थेंब जितका लहान तितका त्याचा अळीशी संपर्क अधिक आणि तेल उडण्याचा वेगही कमी करता येतो. अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात झालेला प्रयोग तर कल्पकतेचा नमुना म्हणावा असा आहे. पाव फुगवण्यासाठी वापरतात त्या यीस्टच्या पेशींमध्ये संत्र्याच्या सालीचे तेल भरण्यात आले. अळी यीस्टला अन्न समजून खाते, ते तिच्या पोटात पचते आणि तेल तेथेच मोकळे होते. तेल पाण्यात पसरण्याऐवजी नेमके अळीच्या आत पोहोचल्याने मात्रा कमी लागते. संत्र्याची साल हा रस काढण्याच्या उद्योगातील टाकाऊ माल असल्याने कच्च्या मालाचा प्रश्नही बराचसा सुटतो. नागपूरच्या संत्र्यांवरील प्रक्रिया उद्योग वाढवण्याची भाषा वर्षानुवर्षे होत आली आहे. सालीला असे गिऱ्हाईक मिळाले तर त्या भाषेला थोडे वजन येईल.

घडण किती निर्णायक ठरते, याचा पुरावा देशातच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये कडुनिंबाच्या तेलाचे पाण्यात मिसळणारे मिश्रण तयार करून तपासले. कडुनिंब तेल बाष्पनशील नव्हे, तरी तुलना उद्बोधक आहे. तीनही प्रमुख डासांच्या अळ्यांसाठी या मिश्रणाची ‘एलसी-५०’ दशलक्षात दोन भागांच्या आत आली आणि उघड्यावरील पाण्यात अ‍ॅनोफिलिसच्या अळ्यांवर त्याचा प्रभाव तीन आठवड्यांपर्यंत टिकला. वर केलेला टाक्यांचा हिशेब या आकड्यांनी पुन्हा मांडला तर तो आवाक्यात येतो. पेल्यातील चाचणीनंतर छोट्या प्रमाणावर आणि मग मोठ्या प्रमाणावर क्षेत्रचाचणी घ्यावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा क्रम आहे. दिल्लीचे शास्त्रज्ञ पेला सोडून उघड्या पाण्यापर्यंत गेले. सुगंधी तेलांवरील बहुसंख्य निबंध पेल्याशीच थांबतात.

याला संशोधकांपेक्षा संशोधनाची व्यवस्था अधिक जबाबदार आहे. नव्या वनस्पतीचे तेल काढून पंचवीस अळ्यांवर तपासणे एका विद्यार्थ्याला एका हंगामात जमते आणि निबंध छापून येतो. वस्तीतील पाचशे घरांत आठवड्याला दोनदा जाऊन अळ्या मोजायला मनुष्यबळ, महापालिकेची परवानगी आणि दोन-तीन पावसाळे लागतात. त्यातून निघणारा निष्कर्ष ‘परिणाम चार दिवसांत ओसरला’ असा असला तर तो छापण्यास फारसे कुणी उत्सुक नसते. पुदुच्चेरी येथील वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने बीटीआय या जिवाणूचा बी-१७ हा स्वदेशी वाण विकसित केला आणि तंत्रज्ञान उद्योगांना दिले. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडलेला हा जिवाणू अळीच्या पोटात गेल्यावर विष सोडतो आणि इतर जीवांना जवळपास अपाय करत नाही. जैविक अळीनाशक प्रयोगशाळेतून बाजारात आणता येते, हे त्याने सिद्ध केले. सुगंधी तेलांपैकी एकाही तेलाचा असा पाठपुरावा झालेला नाही. बीटीआयलाही मर्यादा आहेत. कोषावस्थेत डास काही खात नाही, त्यामुळे पोटातून काम करणारे हे अस्त्र तेथे निरुपयोगी ठरते. संपर्काने मारणाऱ्या तेलांना त्या ठिकाणी जागा मिळू शकेल, जरी कोष अळीपेक्षा चिवट असतो.

कायद्याची बाजूही आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यान्वये अळीनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थाची केंद्रीय मंडळाकडे नोंदणी आवश्यक असते, मग त्याचा उगम वनस्पतीत असो वा कारखान्यात. अमेरिकेने गवती चहा, लवंग, सिट्रोनेला आदी तेलांना ‘किमान जोखमी’च्या यादीत टाकून संघराज्य पातळीवरील नोंदणीतून सूट दिली आहे. त्याचे अनुकरण भारतात करावे अशी सूचना अधूनमधून होते. ती घाईची आहे. नोंदणीतून सूट म्हणजे परिणामकारकतेचा पुरावा सादर करण्यापासूनही सूट, आणि डेंग्यूच्या साथीत न चालणारे अळीनाशक हे नुसते वाया गेलेले पैसे नसतात. टाकीत औषध पडले म्हणून झाकण बंद करून निश्चिंत झालेल्या कुटुंबाची ती फसवणूक ठरते. नोंदणी सोपी आणि कमी खर्चाची करणे योग्य, पण काढून टाकणे नव्हे.

शेतकऱ्यांचे हितही यात गुंतलेले आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनअंतर्गत लखनौच्या सीमॅप संस्थेच्या पुढाकाराने गवती चहा, रोशा, खस, सिट्रोनेला यांची लागवड वाढवली जात आहे. विदर्भ, मराठवाडा, बुंदेलखंड, ओडिशा यांसारख्या हवामानाचा तडाखा वारंवार सोसणाऱ्या भागांचा त्यात आवर्जून समावेश आहे. ही पिके जनावरे सहसा खात नाहीत आणि कमी पाण्यावर तग धरतात. मात्र त्यांची मागणी साबण, अत्तर व सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारावर हेलकावे खाते. सार्वजनिक आरोग्याची खरेदी सुरू झाली तर त्यांना स्थिर गिऱ्हाईक मिळेल, हा युक्तिवाद आकर्षक आहे. वरच्या १६० टनांच्या हिशेबाकडे शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर तो खर्च न राहता उत्पन्न होतो. पण महापालिका तेवढे पैसे मोजणार नाही. मात्रा दहा पटीने कमी करणारी घडण सापडली तरच दोघांचे गणित जुळू शकते.

दरम्यान घरगुती प्रयोगांना ऊत आला आहे. लवंग तेलाचे चार थेंब कूलरमध्ये टाका, कापूर पाण्यात ठेवा, तुळस लावा म्हणजे डास येणार नाहीत, असे संदेश दर पावसाळ्यात मोबाइलवरून फिरतात. चार थेंब म्हणजे जेमतेम पाव ग्रॅमच्या आत-बाहेर. चाळीस लिटरच्या कूलरमध्ये त्याची मात्रा दशलक्षात पाच भागांच्या आसपास भरते, आणि त्याने वास येण्यापलीकडे फारसे काही साधत नाही. तुळशीचे रोप अंगणात असणे चांगलेच, पण शंभर किलो पाल्यातून जेमतेम अर्धा किलो तेल निघते. जिवंत रोपाच्या सान्निध्याने अळी मरत नाही. उलट कुंडीखालच्या थाळीत साचलेले पाणी हे एडिसचे आवडते ठिकाण आहे आणि ती थाळी तुळशीच्या कुंडीखालची आहे म्हणून डास अंडी घालायचे टाळत नाही. आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून, कडा घासून कोरडी ठेवणे याला तेलाचा एक थेंबही लागत नाही.

मग या तेलांना जागा कुठे? पिण्याच्या टाकीत नाही, निदान तूर्त नाही. गटारे व नाल्यांतही नाही, कारण तिथले पाणी वाहते, अफाट असते आणि सेंद्रिय गाळ तेलाला शोषून घेतो. उरतात ती मध्यम आकाराची, न पिण्याच्या पाण्याची, मोजता येणारी भांडी : शोभेच्या झाडांच्या बाटल्या, बांधकामावरील पाण्याची पिंपे, भंगाराच्या दुकानातले टायर आणि विशेष करून वाळा लावलेले कूलर. नागपूर, अकोला, चंद्रपूर, तसेच दिल्ली, जयपूर, रायपूर या शहरांत घरागणिक कूलर असतो. त्याची टाकी ठरावीक आकाराची असते, ती सावलीत असल्याने तेल उडण्याचा वेग तुलनेने कमी राहतो आणि त्यात मासे नसतात. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण तळाचे पाणी बहुतेक घरांत तसेच राहते आणि हंगामातील पहिले एडिस तेथून उडतात. एका प्रभागातील कूलरमध्ये यीस्टमधील संत्रा तेल, दुसऱ्यात बीटीआय, तिसऱ्यात टेमिफॉस आणि चौथ्यात फक्त पाणी काढून टाकण्याची सूचना, अशी चाचणी एका महापालिकेला एका जून-जुलैत घेता येईल. अळ्या मोजणारे कर्मचारी तिच्याकडे आधीच आहेत आणि घरांची यादीही त्यांच्या वहीत असते.